आधी ओळख वाचा, मग प्रोग्राम लिहा

लिनक्सवर मायक्रोकंट्रोलर शिकायला बसलेल्यांचा पहिला दिवस सहसा प्रोग्राम लिहिण्यात जात नाही. ‘बोर्ड दिसतच नाही’ या तक्रारीत जातो. केबल लावली, वाट पाहिली, संगणक ढिम्म. मग कुणी पोर्ट बदलून बघतं, कुणी सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकतं, कुणी बोर्डच खराब निघाला असं धरून चालतं. अडचण नेमकी काय आहे, हे बहुतेक वेळा संगणकाने केव्हाच लिहून ठेवलेलं असतं. ते कुठे आणि कसं वाचायचं, एवढंच कुणी सांगितलेलं नसतं.

यूएसबीचा सगळा कारभार ओळखीवर चालतो. जोडलेली वस्तू आधी आपण कोण ते सांगते, आणि तिच्याशी कसं वागायचं ते संगणक त्यावरून ठरवतो. लिनक्समध्ये हा संवाद कुणालाही वाचता येतो, त्यात ढवळाढवळ करता येते, आणि थोडा अभ्यास केला तर तो आपला आपण लिहिताही येतो. म्हणून शिकण्याचा क्रमही तसाच असावा: आधी ओळख वाचायची, मग प्रोग्राम लिहायचा, आणि शेवटी ओळखच लिहायची.

यूएसबीने काय नेलं, काय दिलं

यूएसबीची पहिली प्रमाण आवृत्ती जानेवारी १९९६मध्ये आली. इंटेलमधल्या ज्या चमूने ती घडवली, त्याचं नेतृत्व करणारे अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. तोवर संगणकाच्या पाठीमागे प्रिंटरचं रुंद पोर्ट असायचं आणि हौशी लोकांची त्यावर चंगळ होती. त्या पोर्टला आठ डेटा पिना. ठरावीक पत्त्यावर एक बाइट लिहिला की आठही पिनांवर ते आठ बिट थेट उमटायचे. पिनेला रेझिस्टरसह एलईडी लावला, चार ओळींचा प्रोग्राम लिहिला, दिवा लागला. ओळखदेख काही नाही.

यूएसबीने ही सोय काढून घेतली. इथे चारच तारा: दोन विजेच्या, दोन डेटाच्या. डेटाच्या तारांवर विशिष्ट वेगाने, विशिष्ट भाषेत बोलावं लागतं. ही भाषा बोलणारी चिप हौशी माणसाच्या आवाक्यात नव्हती, तेव्हा ऑस्ट्रियातल्या ऑब्जेक्टिव्ह डेव्हलपमेंट या कंपनीने व्ही-यूएसबी नावाची मुक्त लायब्ररी केली. यूएसबीसाठी काहीही सोय नसलेल्या साध्या एव्हीआर चिपला ती निव्वळ सॉफ्टवेअरच्या जोरावर यूएसबी बोलायला लावते. चिप १२ मेगाहर्ट्झवर चालते आणि यूएसबीचा सर्वांत कमी वेग सेकंदाला १५ लाख बिट. म्हणजे एका बिटासाठी चिपला आठच ठोके मिळतात. त्या आठ ठोक्यांत तार वाचायची, बिट ओळखायचा, साठवायचा आणि पुढच्या बिटासाठी तयार राहायचं. हा सगळा भाग असेंब्लीत, एकेक ठोका मोजून लिहिलेला आहे.

आज ती कसरत करावी लागत नाही. अर्डुइनो लिओनार्डोवरच्या एटीमेगा ३२यू४ चिपमध्ये यूएसबीचं हार्डवेअर आतच आहे. जानेवारी २०२१मध्ये चार डॉलरला आलेल्या रास्पबेरी पाय पिकोतही आहे. पिकोच्या आरपी२०४० चिपमध्ये १३३ मेगाहर्ट्झपर्यंत चालणारे दोन कोअर, २६४ किलोबाइट रॅम. शेजारी २ मेगाबाइटची फ्लॅश. या लेखापुरता आपण पिकोच धरू. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन तो काही शे रुपयांत मिळतो. नवशिक्यासाठी त्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तो ‘मरत’ नाही. त्याचा बूटलोडर, म्हणजे नवा प्रोग्राम चढवून घेणारा प्रोग्राम, चिपच्या आत १६ किलोबाइटच्या रॉममध्ये कारखान्यातच कोरलेला असतो. कितीही चुकीचा प्रोग्राम चढवला तरी तो पुसला जात नाही.

सोबत मायक्रो यूएसबीची केबल लागेल. ती डेटाची हवी, नुसती चार्जिंगची नको. दिसायला दोन्ही सारख्याच, पण चार्जिंगच्या बऱ्याच केबलींत डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात. लिनक्स कुठलाही चालेल: उबुंटू, डेबियन, फेडोरा. ज्यांनी टर्मिनल कधी उघडलेलंच नाही, त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही आहेत.

पहिली कमांड: नुसतं ऐकायचं

बोर्ड जोडण्याआधी टर्मिनल उघडा आणि ‘सुडो डीमेसेज’ ही कमांड ‘वजाचिन्ह डब्ल्यू’ लावून द्या. (इथे कमांड देवनागरीत लिहिल्या असल्या तरी टर्मिनलमध्ये अर्थात रोमन अक्षरांतच द्यायच्या.) ही कमांड लिनक्सच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, रोजनिशी दाखवते, आणि शेवटच्या डब्ल्यूमुळे नवी ओळ आली की लगेच पडद्यावर येते. आता पिकोवरचं ‘बूटसेल’ हे पांढरं बटण दाबून धरा, केबल लावा, मग बटण सोडा.

आठ-दहा ओळी भराभर येतील. पहिली सांगते की अमुक पोर्टवर नवं ‘फुल-स्पीड’ उपकरण आलं. हे संगणकाला कसं कळलं? बोर्ड आपल्या दोन डेटा तारांपैकी एक दीड किलोओहमच्या रेझिस्टरमधून वर खेचून धरतो. ‘डी प्लस’ वर गेली तर फुल-स्पीड, म्हणजे सेकंदाला १२ मेगाबिट. ‘डी मायनस’ वर गेली तर लो-स्पीड. एक शब्दही न बोलता वेग सांगून झाला.

यापुढे बोर्ड स्वतःहून काही बोलत नाही. यूएसबीत नेहमी संगणक विचारतो आणि उपकरण उत्तर देतं. शाळेतल्या हजेरीसारखंच: ज्याचा नंबर पुकारला त्यानेच ‘हजर’ म्हणायचं. नव्या उपकरणाला अजून नंबर मिळालेला नसतो, म्हणून तात्पुरता शून्य. संगणक त्याला रीसेट करतो, शून्य नंबरवर ‘तू कोण?’ विचारतो, मग १ ते १२७पैकी मोकळा नंबर देतो आणि पुन्हा सविस्तर विचारतो. उत्तरादाखल येतात फक्त १८ बाइट. यूएसबीच्या भाषेत त्यांना डिव्हाइस डिस्क्रिप्टर म्हणतात. उपकरण कुठल्या वर्गातलं, उत्पादक कोण, उत्पादन कोणतं, आवृत्ती कितवी, सगळं त्या १८ बाइटांत.

रोजनिशीतली पुढची ओळ त्यातूनच आलेली असते: ‘आयडीव्हेंडर’ २ई८ए, ‘आयडीप्रॉडक्ट’ ०००३. हे हेक्स आकडे आहेत. २ई८ए हा रास्पबेरी पायचा उत्पादक क्रमांक, आणि ०००३ म्हणजे आरपी२०४० बूटलोडरमध्ये आहे. त्याखाली मजकुरात नाव येतं, ‘आरपी२ बूट’. आणखी खाली लिनक्स सांगतो की हा साठवणीचा ड्राइव्ह आहे, आणि ‘आरपीआय-आरपी२’ नावाचा पेनड्राइव्ह पडद्यावर उघडतो.

त्याचा आकार बघा. ड्राइव्ह स्वतःला १२८ मेगाबाइटचा म्हणवतो. फ्लॅश तर २ मेगाबाइटची. म्हणजे चिप चक्क थाप मारते आहे. त्या ड्राइव्हमागे खरी फाइल-व्यवस्था नाहीच. संगणक विचारील तो भाग बूटलोडर त्या क्षणी रचून दाखवतो. आपण तिथे कॉपी केलेली फाइल ‘साठवली’ जात नाही, तर येता येताच वाचून फ्लॅशमध्ये लिहिली जाते. यूएसबीत उपकरण जे सांगतं ते संगणक मानतो, हा पहिला धडा इथेच मिळतो. तो पुढे दोनदा उपयोगी पडणार आहे.

न दिसणाऱ्या बोर्डाचं निदान

हीच रोजनिशी अडचणीतही कामाला येते. बोर्ड लावला तर तीन प्रकार संभवतात.

पहिला प्रकार: एकही नवी ओळ येत नाही. म्हणजे संगणकाला काही जोडलंय याचाच पत्ता नाही; डेटाची तार वर गेलेलीच नाही. आधी केबलवर संशय घ्या. फोनला लावून ती फाइल पाठवते का बघा, नुसतं चार्जिंग होतंय यावर विसंबू नका.

दुसरा प्रकार: उपकरण आलं अशी ओळ येते, पण मागोमाग ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड’ आणि उणे ७१ किंवा उणे ११० असा एरर. म्हणजे कुणीतरी आलंय हे कळलं, पण ‘तू कोण?’ला धड उत्तर आलं नाही. उणे ७१ म्हणजे उत्तर आलं पण बिघडलेलं, उणे ११० म्हणजे वाट पाहून वेळ संपली. इथे सैल कनेक्टर, लांबलचक केबल, विजेचा कमी पुरवठा किंवा चिपवरचा अडकून पडलेला प्रोग्राम शोधायचा.

तिसरा प्रकार: ओळख व्यवस्थित छापली गेली, तरी आपलं सॉफ्टवेअर म्हणतं बोर्ड नाही. याचा अर्थ तारा ठीक, चिप ठीक. अडथळा संगणकाच्या आत आहे. एक तर आपल्याला परवानगी नाही, किंवा दुसऱ्याच प्रोग्रामने पोर्ट पकडून ठेवलंय. या दोन्हींकडे येऊच.

नाव चिपचं नसतं

आता बोर्डवर सर्किटपायथन चढवू. अ‍ॅडाफ्रूट कंपनीने मायक्रोपायथनवरून बेतलेली ही मुक्त आवृत्ती आहे. तिच्या संकेतस्थळावरून आपल्या बोर्डासाठीची यूएफ२ फाइल उतरवायची. साधा पिको आणि वायफायवाला पिको डब्ल्यू यांच्या फाइली वेगळ्या, त्यात गल्लत नको. ती फाइल ‘आरपीआय-आरपी२’वर टाका.

यूएफ२ ही मायक्रोसॉफ्टमध्ये तयार झालेली रचना साधी पण धूर्त आहे. फाइल ५१२ बाइटांच्या तुकड्यांत असते आणि प्रत्येक तुकड्यावर तो चिपमध्ये कुठे जाणार याचा पत्ता असतो. संगणकाने तुकडे मागेपुढे पाठवले तरी बिघडत नाही. शेवटचा तुकडा पोचला की चिप आपोआप नव्याने सुरू होते आणि ड्राइव्ह गायब होतो. ‘ड्राइव्ह नीट न काढता ओढून काढला’ अशी कुरकुर लिनक्स कदाचित करील. इथे ती मनावर घेऊ नका.

रोजनिशी चालूच असेल, तर तिच्यात आता नव्या ओळी आलेल्या दिसतील. बोर्ड तोच, चिप तीच, केबलला हातही लावलेला नाही. पण उत्पादक क्रमांक बदलून २३९ए झाला, म्हणजे अ‍ॅडाफ्रूट. ओळख चिपमध्ये कोरलेली नसते, चिपवर चालणारा प्रोग्राम ती सांगतो. प्रोग्राम बदलला की तीच चिप संगणकापुढे दुसऱ्या नावाने उभी राहते.

‘एलएसयूएसबी’ ही कमांड ‘वजाचिन्ह व्ही’ लावून चालवली तर आणखी गंमत दिसते. एकाच बोर्डाने अनेक रूपं घेतलेली असतात: सर्किटपाय नावाचा ड्राइव्ह, संवादासाठी सिरियल पोर्ट, कीबोर्ड आणि माऊस, शिवाय संगीताच्या वाद्यांसाठीचं मिडी. एका तारेवर इतकी सोंगं वठवणाऱ्या उपकरणाला कंपोझिट डिव्हाइस म्हणतात.

आता पहिला प्रोग्राम. सर्किटपाय ड्राइव्हवरची ‘कोड डॉट पीवाय’ फाइल कुठल्याही साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. वरच्या ओळींत ‘बोर्ड’, ‘डिजिटलआयओ’ आणि ‘टाइम’ ही मॉड्यूल इम्पोर्ट करायची. ‘बोर्ड डॉट एलईडी’ ही पिन आउटपुट म्हणून ठरवायची. मग न संपणाऱ्या लूपमध्ये तिची किंमत ‘ट्रू’, अर्धा सेकंद स्लीप, ‘फॉल्स’, पुन्हा अर्धा सेकंद स्लीप. फाइल सेव्ह केली की प्रोग्राम लगेच चालू होतो आणि दिवा उघडझाप करू लागतो. कंपायलर नाही, अपलोडचं बटण नाही. एक पथ्य मात्र पाळा: लिनक्स फाइल लिहायला थोडा उशीर लावतो, म्हणून केबल ओढण्याआधी ‘सिंक’ ही कमांड द्या किंवा ड्राइव्ह रीतसर इजेक्ट करा. नाहीतर अर्धवट लिहिलेली फाइल हाती येते.

पोर्ट कुणाच्या ताब्यात?

प्रोग्राममधून ‘प्रिंट’ केलेला मजकूर वाचायला सिरियल पोर्ट लागतो. लिनक्समध्ये तो ‘डेव्ह’ फोल्डरमधली एक फाइल असतो, पिकोसाठी बहुधा ‘टीटीवायएसीएम०’. ‘स्क्रीन’ किंवा ‘पिकोकॉम’ने ती उघडायला गेलं की पुष्कळांना ‘परमिशन डिनाइड’ असं उत्तर मिळतं. डेबियन-उबुंटू घराण्यात हे पोर्ट ‘डायलआउट’ या गटाच्या मालकीचं असतं, आर्च लिनक्समध्ये ‘यूयूसीपी’ गटाच्या. ‘सुडो यूजरमॉड’ या कमांडने स्वतःला त्या गटात घालायचं आणि लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करायचं. लॉगआउट विसरलं तर सगळं बरोबर करूनही पोर्ट उघडत नाही. दरवेळी सुडो लावून प्रोग्राम चालवणं हा उपाय नव्हे. त्याने अडचण झाकली जाते आणि नको त्या फाइलींची मालकी रूटकडे जाते.

जी उपकरणं सिरियल पोर्ट म्हणून येत नाहीत, त्यांच्यासाठी यूडेव्ह नियम लिहावा लागतो. अमुक उत्पादक क्रमांक आणि अमुक उत्पादन क्रमांक दिसला तर अमुक गटाला परवानगी दे, असं सांगणारी ती एक ओळ. म्हणजे इथेही ओळखच.

आता दुसरा अडथळा, पोर्ट दुसऱ्याने पकडण्याचा. आपल्या बाजारात मिळणाऱ्या स्वस्त अर्डुइनो बोर्डांवर सीएच३४० ही यूएसबी-सिरियल चिप असते. मुख्य चिपला यूएसबी येत नाही, म्हणून ही मध्यस्थ. तिची ओळख १ए८६, ७५२३. उबुंटू २२.०४ आल्यावर कितीतरी जणांचे असे बोर्ड लावल्या लावल्या दिसायचे आणि लगेच नाहीसे व्हायचे. रोजनिशीत कारण स्पष्ट लिहिलेलं: ‘बीआरएलटीटीवाय’ने ताबा घेतला. हा अंध वापरकर्त्यांच्या ब्रेल यंत्रांसाठीचा प्रोग्राम. काही ब्रेल यंत्रांत हीच मध्यस्थ चिप असते, म्हणून त्यांची ओळखही हीच. बोर्ड आणि ब्रेल यंत्र यांच्यात फरक करायला संगणकाकडे काही साधन नव्हतं. ज्याच्याकडे ब्रेल यंत्र नाही त्याने ते पॅकेज काढून टाकलं की बोर्ड टिकतो. जुन्या लिनक्स आवृत्त्यांवर मोडेम-मॅनेजर हा प्रोग्रामही असाच नवा सिरियल पोर्ट दिसला की ‘तू मोडेम आहेस का?’ विचारायला धावायचा आणि लिओनार्डोसारख्या बोर्डावर प्रोग्राम चढवण्यात अडथळा आणायचा.

ओळखीचं राजकारण

एफटीडीआय ही यूएसबी-सिरियल चिपा बनवणारी नामांकित कंपनी. तिच्या चिपांच्या नकला बाजारात सर्रास मिळायच्या, आणि त्या मूळ कंपनीचेच क्रमांक सांगायच्या: ०४०३, ६००१. ऑक्टोबर २०१४मध्ये विंडोजच्या अपडेटमधून कंपनीचा नवा ड्रायव्हर लोकांच्या संगणकांवर पोचला. तो नकली चिप ओळखायचा आणि तिच्या आतल्या स्मृतीतला उत्पादन क्रमांक शून्य करून टाकायचा. त्यानंतर त्या चिपला विंडोज ओळखेना. आपल्या यंत्रात नकली चिप आहे हे ज्यांना ठाऊकही नव्हतं, अशांची उपकरणं एका रात्रीत निकामी झाली. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर अपडेटमधून मागे घेण्यात आला.

लिनक्समध्ये काय झालं? एफटीडीआयच्या ड्रायव्हरचा सोर्स कोड उघडा आहे, आणि कुठल्या क्रमांकांना हा ड्रायव्हर लावायचा याची यादी त्यातच आहे. एका प्रोग्रामरने त्या यादीत ०४०३ आणि शून्य ही जोडी घालणारा बदल पाठवला, तो कर्नलमध्ये स्वीकारला गेला, आणि क्रमांक पुसलेल्या चिपा लिनक्सवर पुन्हा चालू लागल्या. नकलेचं समर्थन करायचं कारण नाही. कंपनीची तक्रार रास्तच होती. पण ओळखीची यादी कुणाच्या हातात असते, यावर आपलं यंत्र चालणार की नाही हे ठरतं. मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचा अर्थ फुकट मिळणं एवढाच घेणाऱ्यांनी ही घटना लक्षात ठेवावी.

चिपला मराठी येतं का?

आता पिकोला कीबोर्ड करू. त्यासाठी अ‍ॅडाफ्रूटची एचआयडी लायब्ररी उतरवून ड्राइव्हवरच्या ‘लिब’ फोल्डरमध्ये टाकावी लागते. एचआयडी हा कीबोर्ड-माऊसचा प्रमाण वर्ग. लिनक्सकडे त्याचा ड्रायव्हर आधीपासून असल्यामुळे संगणकावर काहीही टाकावं लागत नाही.

साध्या कीबोर्डचा संदेश आठ बाइटांचा असतो. पहिल्या बाइटात शिफ्ट, कंट्रोलसारख्या कळा, दुसरा राखीव, आणि उरलेल्या सहांत त्या क्षणी दाबलेल्या कळांचे क्रमांक. ए या कळेचा क्रमांक ४, बीचा ५, सीचा ६. लक्षात घ्या, हे अक्षरांचे क्रमांक नाहीत, कळांच्या जागांचे आहेत. कुठल्या जागेवर कुठलं अक्षर, ते ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते.

करून बघा. लिनक्सच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट मांडणी निवडा आणि पिकोकडून एकामागून एक कळा पाठवा: ६, १३, ८, मग शिफ्टसह ५२, मग २१. इंग्रजी मांडणीत या कळा म्हणजे सी, जे, ई, दुहेरी अवतरणचिन्ह आणि आर. इनस्क्रिप्टमध्ये त्याच कळांवर आहेत म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. पडद्यावर ‘मराठी’ उमटतं. चिपला ना मराठी येतं ना इंग्रजी. ती फक्त बोट कुठे पडलं ते सांगते.

हा प्रयोग करताना एक काळजी घ्यायची. सर्किटपायथनमध्ये फाइल सेव्ह झाली की प्रोग्राम चालतो, आणि त्या वेळी समोर आपला एडिटरच उघडा असतो. म्हणजे बोर्ड आपल्याच प्रोग्रामच्या मध्ये ‘मराठी’ टाइप करून मोकळा होतो. म्हणून आधी एक पिन इनपुट करून तिला आतला पुल-अप लावा, आणि ती पिन तारेने ग्राउंडला टेकवली तरच टाइप कर, अशी अट घाला. तार हातात, तर लगाम हातात. बाहेरचे सेन्सर जोडताना आणखी एक गोष्ट पाळा: यूएसबीतून ५ व्होल्ट येतात, पण पिकोच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. त्यांवर ५ व्होल्ट दिले तर चिप जाऊ शकते.

विश्वासाची किंमत

काही शे रुपयांचा बोर्ड स्वतःला कीबोर्ड म्हणवतो आणि संगणक निमूट मानतो, हे एकदा हाताने केलं की त्यातला धोका वेगळा सांगावा लागत नाही. ऑगस्ट २०१४मध्ये लास व्हेगासच्या ब्लॅक हॅट परिषदेत कार्स्टेन नोल आणि याकोब लेल या बर्लिनच्या संशोधकांनी ‘बॅडयूएसबी’ नावाने हेच दाखवलं. साध्या पेनड्राइव्हचं फर्मवेअर बदलून त्यांनी त्याला कीबोर्ड बनवलं. तो संगणकात लावला की आपोआप कमांड टाइप करू लागतो. फाइली तपासणाऱ्या अँटिव्हायरसला त्यात काहीच सापडत नाही, कारण फसवणूक फाइलीत नसून ओळखीत आहे. वाटेत सापडलेला किंवा कुणी फुकट वाटलेला पेनड्राइव्ह लावू नये, असं म्हणतात ते यासाठी.

लिनक्स इथेही लगाम देतो. प्रत्येक यूएसबी उपकरणासाठी कर्नल ‘ऑथोराइज्ड’ नावाची फाइल ठेवतो. तिच्यात शून्य लिहिलं की ते उपकरण बाजूला पडतं. ‘यूएसबीगार्ड’ हा प्रोग्राम त्यावरच उभा आहे. ठरलेल्या यादीतल्या उपकरणांनाच तो प्रवेश देतो. यादी अर्थात क्रमांकांवरून आणि उपकरणाच्या रूपांवरून केलेली. कालपर्यंत पेनड्राइव्ह असणारी वस्तू आज अचानक कीबोर्डही म्हणवू लागली, तर ते यादीशी जुळत नाही आणि दार बंद राहतं.

पुढची पायरी

पायथनवर हात बसला की सी भाषेकडे वळा. पिकोचं सी डेव्हलपमेंट किट मुक्त आहे, आणि त्यातला यूएसबीचा भाग टायनीयूएसबी या मुक्त लायब्ररीवर चालतो. तिच्या उदाहरणांत ‘यूएसबी डिस्क्रिप्टर्स’ नावाची सी फाइल असते. ती उघडली की रोजनिशीत वाचलेले तेच १८ बाइट एका स्ट्रक्चरमध्ये मांडलेले दिसतात. हा कोड वाचता वाचता शेजारच्या खिडकीत वायरशार्क हा संदेश टिपणारा प्रोग्राम चालू ठेवा. कर्नलचं ‘यूएसबीमॉन’ मॉड्यूल लोड केलं की यूएसबीवरून जाणारा प्रत्येक संदेश त्यात दिसतो. कीबोर्डचे बाइट तिथे डोळ्यांनी बघता येतात. सर्किटपायथनमध्ये कीबोर्ड आणि माऊस एकाच मार्गाने जातात, म्हणून आठच्या आधी एक ओळखीचा बाइट जास्तीचा दिसेल, तोही ओळखता येईल.

स्वतःची वस्तू इतरांना द्यायची वेळ आली, तर स्वतःचा क्रमांक लागतो. यूएसबीचा कारभार बघणारी संस्था उत्पादक क्रमांकासाठी हजारो डॉलर घेते. हौशी माणसाला ते परवडणारं नाही. ज्यांचं हार्डवेअर किंवा सॉफ्टवेअर मुक्त परवान्याखाली आहे, त्यांना ‘पिड डॉट कोड्स’ हा उपक्रम १२०९ या उत्पादक क्रमांकाखाली उत्पादन क्रमांक विनामूल्य देतो. दुसऱ्याचा क्रमांक उचलून वापरला तर काय होतं, ते ब्रेलच्या आणि एफटीडीआयच्या प्रकरणांत आपण पाहिलंच.

शेवटी एक स्वाध्याय. उपकरणाचं नाव यूएसबीत यूटीएफ-१६ या युनिकोड रूपात जातं, त्यामुळे ते देवनागरीतही ठेवता येतं. नाव कुठल्या भाषेत आहे हे सांगणारा क्रमांकही असतो, आणि यूएसबीच्या अधिकृत यादीत मराठीसाठी ०४४ई, कोकणीसाठी ०४५७ असे क्रमांक आहेत. टायनीयूएसबीच्या उदाहरणातला कोड मात्र नावातली अक्षरं एका बाइटाची धरतो. तो बदलून प्रत्येक अक्षरासाठी दोन बाइट पाठवायचे: म साठी ०९२ई, र साठी ०९३०, काना ०९३ई, असं पुढे. कमाल लांबी १२६ चिन्हं. हा बदल जमला आणि ‘एलएसयूएसबी’च्या सविस्तर यादीत आपण दिलेलं मराठी नाव दिसलं, तर समजा की यूएसबीचा पाया पक्का झाला. त्यावर मग सेन्सर, मोटर, स्वतःचा कीबोर्ड, काय हवं ते उभं करा.